चरबी, चोर आणि छावा : स्पॅनिश रस्त्यावरील काही शब्दांचा इतिहास

माद्रिद शहराच्या मध्यभागी पुएर्ता देल सोल नावाचा चौक आहे. २०११ सालच्या मे महिन्यात ह्या चौकात हजारो तरुणांनी तंबू ठोकून मुक्काम केला होता. बेकारी, बुडत्या बँका आणि राज्यकर्त्यांची लाचखोरी ह्यांविरुद्ध त्यांचा रोष होता. त्या दिवसांत हातोहाती फिरलेल्या फलकांपैकी एक फलक पुढे फारच गाजला. इतक्या साऱ्या 'चोरिसो'ना पुरेल एवढा पाव आता उरलेला नाही, असा त्याचा आशय होता. परक्या वाचकाला ह्यात हसण्यासारखे काय आहे ते उमगत नाही. 'चोरिसो' म्हणजे डुकराचे मांस व चरबी बारीक करून, तीत लसूण आणि तांबडी मिरचीपूड मिसळून, आतड्यात ठासून भरलेला व वाळवलेला पदार्थ. तो पावाबरोबर खातात. आमच्या गोवेकर बांधवांचे 'चोरीस' हे त्याच कुळातले, पोर्तुगिजांच्या स्वयंपाकघरातून आलेले. परंतु स्पेनच्या रस्त्यावर 'चोरिसो' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे भुरटा चोर, आणि अलीकडे, सार्वजनिक तिजोरीवर हात मारणारा पुढारी. पाव थोडा आणि चोरिसो फार, ही ती कोटी.

खाण्याचा पदार्थ आणि चोर ह्यांचा संबंध कसा जुळला? स्पॅनिश अकादमीच्या कोशाप्रमाणे चोर ह्या अर्थाचा 'चोरिसो' हा मांसाच्या शब्दापासून निघालेलाच नाही. तो आला आहे 'चोरी' ह्या शब्दापासून, आणि हा 'चोरी' शब्द स्पेनमधील हितानो लोकांच्या, म्हणजे ज्यांना आपण जिप्सी म्हणतो त्यांच्या, 'कालो' बोलीतील आहे. तेथे त्याचा अर्थ भुरटा चोर. युरोपातील रोमा लोकांच्या मूळ भाषेत 'चोर' म्हणजे चोरच. संस्कृतातील 'चौर', मराठीतील 'चोर' आणि माद्रिदच्या फलकावरील 'चोरिसो' हे तिघे सख्खे भाऊ आहेत. ऐकणाऱ्याच्या कानाला खाटकाच्या दुकानातला शब्द ओळखीचा, म्हणून त्याने चोराला मांसाचा अंगरखा चढवला, इतकेच.

एका शब्दाचे दार उघडले की आतील दालने दिसू लागतात. माद्रिदमधला कोणताही माणूस पोराला 'चाबाल' म्हणतो. हा शब्द कालो बोलीतील 'चाबो' म्हणजे मुलगा, ह्यापासून आला. आपल्याकडे वाघसिंहाच्या पिलाला छावा म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ ही दोन्ही रूपे एकाच प्राकृत मुळाशी नेऊन भिडवतात. जेवण चापणे ह्यासाठी तेथील रस्त्यावर 'हामार' असे क्रियापद आहे. त्याच्या मुळाशी आपला 'खा' धातू आहे. कालो बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात, पाचाला 'पांचे'. फ्लामेंको गाणाऱ्यांच्या तोंडी दुःखासाठी 'दुका' आणि 'दुकेला' हे शब्द येतात. लाज वाटणे ह्या अर्थी 'लाचा' हा शब्द स्पॅनिश कोशातही जाऊन बसला आहे. एखाद्या मुलीची मनधरणी करणे म्हणजे 'कामेलार', आणि त्यात संस्कृत 'काम' लपलेला आहे. स्पेनमध्ये पाऊलही न टाकलेल्या मराठी माणसाला हे सारे समजावे, ही मौजेची गोष्ट खरी.

पण एक शब्द असा आहे की तेथे मौज थांबते. रोमा भाषेत 'मांग' म्हणजे मागणे. मराठी 'मागणे' आणि हा शब्द एकाच मुळाचे. कालो बोलीत त्याचे 'मांगार' झाले व अर्थ राहिला याचना करणे. परंतु स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या रस्त्यावर येताच 'मांगार'चा अर्थ झाला लांबवणे, चोरणे. आणि 'मांगांते' म्हणजे लुच्चा. दारात येऊन मागणारा माणूस घरात बसलेल्याला चोर वाटला, आणि त्याच्याच भाषेतील शब्द त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा केला गेला. आमच्या मते हितानो लोकांचा स्पेनमधील साडेपाच शतकांहून अधिक काळाचा इतिहास ह्या एका अर्थांतरात सामावलेला आहे.

तो इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. हे लोक मूळचे भारताचे. त्यांच्या भाषेचे भारतीय भाषांशी असलेले नाते १७८२ साली रूडिगर ह्या जर्मन अभ्यासकाने लेखी मांडले. भारतातून इराण, आर्मेनिया, ग्रीक प्रदेश असा प्रवास करीत ते युरोपात आले. १४२५ च्या जानेवारीत आरागॉनचा राजा पाचवा अल्फोन्सो ह्याने 'छोट्या इजिप्तच्या हुआन'ला आपल्या राज्यातून सुखरूप जाण्याचा परवाना दिला. स्पेनच्या दप्तरातील त्यांची ही पहिली नोंद. आपण यात्रेकरू आहोत, सान्तियागोला चाललो आहोत, असे ते सांगत आणि लोक त्यांचे स्वागत करीत. ही सद्भावना पंचाहत्तर वर्षेही टिकली नाही. १४९९ साली कॅथॉलिक राजदांपत्य इसाबेल व फर्नांडो ह्यांनी फर्मान काढले की साठ दिवसांत हितानोंनी स्थिर वस्ती करून धनी शोधावा, नाहीतर देश सोडावा. न मानणाऱ्यास फटके, आणि पुन्हा सापडल्यास कान कापणे. अशी फर्माने पुढे एकामागून एक निघत राहिली.

सर्वांत भीषण दिवस उजाडला तो १७४९ च्या जुलै अखेरीस. राजा सहावा फर्नांडो ह्याचा मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा ह्याने गुप्तपणे आखणी करून सबंध देशातील हितानो एकाच वेळी पकडण्याचा हुकूम दिला. सुमारे नऊ हजार माणसे धरली गेली. पुरुषांना व मोठ्या मुलांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला पाठवले, बायकांना व लहान मुलांना 'दयागृह' असे नाव असलेल्या बंदिशाळांत कोंडले. नवरा-बायकोंनी एकत्र राहू नये आणि वंश संपावा, हा त्यामागील उघड हेतू होता. मंदिरात आश्रय घेतलेल्या माणसाला राजाच्या शिपायाने हात लावू नये, असा ख्रिस्तसभेचा जुना दंडक होता. तो आड येऊ नये म्हणून दरबाराने आधीच पोपच्या राजदूताकडून बिशपांसाठी अनुमती मिळवून ठेवली होती. ज्या हितानोंनी वेदीचा आसरा घेतला त्यांना वेदीपासून ओढून नेण्यात आले. शेवटचे कैदी सुटायला १७६५ साल उजाडावे लागले. १७८३ मध्ये तिसऱ्या कार्लोसने त्यांना नागरिकांप्रमाणे वागवण्याचे ठरवले खरे, पण त्याचबरोबर त्यांचा पेहराव, भटके जीवन आणि भाषा ह्यांवर बंदी कायम ठेवली. कालो बोली आज स्वतंत्र भाषा म्हणून उरलेली नाही. व्याकरण स्पॅनिश आणि शब्द थोडेसे रोमा, अशी तिची गत झाली आहे. ज्यांनी ती बोलण्यास मनाई केली त्यांच्याच नातवंडांच्या तोंडी 'चाबाल' आणि 'हामार' रुळले.

ह्या बोलीत छापलेले पहिले पुस्तक कोणते, हे वाचकांस सांगावयास हवे : संत लूकचे शुभवर्तमान! जॉर्ज बॉरो नावाचा विलक्षण इंग्रज बायबल सोसायटीच्या वतीने स्पेनमध्ये हिंडत असताना हितानोंच्या सोबतीने त्याने हे भाषांतर केले आणि १८३७ साली माद्रिदला छापून घेतले. तो प्रॉटेस्टंट होता व आमच्या धर्मगुरूंविषयी त्याने बरेच कडवट लिहून ठेवले आहे. त्यातले काही अतिरंजित आहे, काही मुळीच नाही. परंतु ज्या लोकांची भाषा चोरांची भाषा म्हणून हिणवली जात होती, तिच्यात प्रभूची वाणी उतरू शकते हे त्याने आमच्याआधी ओळखले, ह्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. आमच्या बाजूने पाऊल पडले ते पुष्कळ उशिरा. १९६५ साली पोप सहावे पॉल रोमजवळ पोमेझिया येथे रोमा लोकांच्या छावणीत गेले व तुम्ही ख्रिस्तसभेच्या परिघावर नसून तिच्या हृदयात आहात, असे त्यांना सांगितले. १९९७ च्या मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी सेफेरिनो हिमेनेझ माल्या ह्या हितानो खेचरांच्या व्यापाऱ्याला 'धन्य' म्हणून घोषित केले. १९३६ च्या यादवीत बार्बास्त्रो येथे एका धर्मगुरूला ओढून नेत असताना हा वृद्ध मध्ये पडला, तुरुंगात गेला, आणि हातातील रोझरी टाकून दे म्हणजे सुटशील असे सांगितले असताही त्याने ती टाकली नाही. त्याला गोळ्या घातल्या. दोन शतकांपूर्वी त्याच्या पूर्वजांना वेदीपासून ओढले गेले होते आणि ह्याने धर्मगुरूला ओढून नेण्यास विरोध केला.

आता मूळ पदार्थाकडे, म्हणजे डुकराकडे व त्याच्या चरबीकडे वळू. स्पॅनिश माणसाच्या शिव्यांत डुकराला मोठे मानाचे स्थान आहे. गलिच्छ माणसाला 'मार्रानो' म्हणतात. हा शब्द अरबी 'मुहर्रम', म्हणजे निषिद्ध, ह्यापासून आला. मुसलमान आणि ज्यू ज्याला शिवत नाहीत ते जनावर म्हणजे मार्रानो. पुढे हा शब्द ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांना लावण्यात आला. जो ज्या प्राण्याला शिवत नव्हता त्याच प्राण्याच्या नावाने त्याला हाक मारावयाची, असा हा उफराटा न्याय.

१३९१ साली स्पेनच्या अनेक शहरांत ज्यूंच्या कत्तली झाल्या आणि जीव वाचवण्यासाठी हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. १४९२ मध्ये उरलेल्यांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग असा पर्याय देण्यात आला. अशा रीतीने ख्रिस्ती झालेल्यांचे मन कसे ओळखावे? मनात डोकावता येत नाही, पण स्वयंपाकघरात येते. पोप चौथे सिक्स्टस ह्यांच्या १४७८ च्या अनुमतीने स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने ही वाट चोखाळली. गावोगावी मंदिरांत वाचून दाखवल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यांत संशयास्पद चालींची यादी असे : मांसावरील चरबी काढून टाकणे, मांसातील रक्त धुऊन घालवणे, मांडीतील शीर काढणे, डुक्कर, ससा किंवा खवले नसलेला मासा न खाणे, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून शनिवारचे जेवण आधीच मंद विस्तवावर ठेवणे. असे कोणाकडे दिसले तर कळवावे, न कळवल्यास बहिष्कार.

सेव्हिलजवळील लोस पालासियोस ह्या गावी आंद्रेस बेर्नाल्देस नावाचे पॅरिश धर्मगुरू होते. कोलंबस त्यांचा पाहुणा होऊन राहिला होता, आणि कॅथॉलिक राजांच्या कारकिर्दीचा त्यांनी लिहिलेला वृत्तान्त इतिहासकारांना आजही लागतो. त्यात त्यांनी नवख्रिस्ती लोकांविषयी लिहिले आहे की हे लोक कांदा व लसूण तेलात परततात, चरबीऐवजी मांसही तेलातच शिजवतात, आणि त्यामुळे त्यांच्या तोंडाला व घरादारांना दुर्गंधी येते. आम्हीही एका पॅरिशचे धर्मगुरू. आपल्याच मेंढरांच्या घरी जाऊन त्यांच्या चुलीचा वास हुंगणाऱ्या ह्या आमच्या जुन्या सहबंधूचे शब्द आम्हांला सहज ओलांडता येत नाहीत. ज्या तेलाचा त्यांना उबग आला ते ऑलिव्हचे तेल आज स्पेन जगातील कोणत्याही देशाहून अधिक पिकवतो आणि मोठ्या अभिमानाने विकतो.

वासावरून माणसाचा जीव कसा धोक्यात येई ह्याचे उदाहरण तोलेदोच्या दप्तरात आहे. १५६७ साली एल्विरा देल काम्पो ह्या विवाहित स्त्रीला अटक झाली. आरोप दोन : ती डुकराचे मांस खात नाही, आणि शनिवारी धुतलेले कपडे घालते. अटक झाली तेव्हा ती गरोदर होती. डुक्कर आपल्याला पचत नाही, असे ती सांगत राहिली. पुढच्या वर्षी तिचा छळ करण्यात आला, आणि लेखनिकाने तिचा प्रत्येक हुंदका शब्दशः उतरवून ठेवला. मी काय केले ते मला सांगा म्हणजे मी ते कबूल करीन, अशी याचना ती करीत होती. आणि न्यायाधीश म्हणत होते की तूच सत्य सांग. हे कागद आज कोणालाही वाचता येतात. त्या काळची सर्वच न्यायालये छळ करीत, इन्क्विझिशनचे नियम उलट अधिक काटेकोर होते, असा बचाव काही विद्वान करतात. ते म्हणणे इतिहास म्हणून खोटे नाही. पण त्या खोलीत भिंतीवर क्रूस होता, आणि राजाच्या न्यायालयाशी तुलना करून आमची सुटका होत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी सत्याच्या नावाने केलेल्या अन्यायांबद्दल आणि इस्राएलच्या प्रजेविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली, ती ह्याच कारणासाठी.

ह्या वातावरणात डुकराची चरबी ही कुलीनपणाची खूण झाली. ज्याच्या वंशात ज्यू अथवा मुसलमान रक्त नाही तो 'जुना ख्रिस्ती'. १४४९ मध्ये तोलेदो शहराने नवख्रिस्तींना अधिकारपदे देण्यास मनाई केली तेव्हा पोप पाचवे निकोलस ह्यांनी त्याच वर्षी तिचा धिक्कार केला. बाप्तिस्म्यानंतर भेद कसला, असा त्यांचा सरळ सवाल होता. पण रोम लांब होते. शंभर वर्षांनी, १५४७ साली, तोलेदोच्या कॅथेड्रलनेच रक्तशुद्धीचा नियम केला. अविलाच्या संत तेरेजा ह्यांचे आजोबा ज्यू वंशाचे होते व १४८५ साली त्यांना तोलेदोत प्रायश्चित्ताचा झगा घालून मिरवणुकीने फिरावे लागले होते, हे पुष्कळ भाविकांना ठाऊक नसते.

साहित्यिकांना ही सोंगे दिसत होती. सर्व्हान्तेसचा सान्चो पान्सा आपल्या आत्म्यावर जुन्या ख्रिस्तीपणाच्या चरबीचा चार बोटे जाड थर असल्याची बढाई मारतो. त्याच्या धन्याच्या शनिवारच्या जेवणात अंडी व डुकराची चरबी ह्यांचा जो पदार्थ आहे, त्याचे नाव मात्र 'दुःखे आणि भंग' असे आहे. ज्याला धर्मांतरामुळे हा घास गिळावा लागला त्याचे दुःख आणि मोडलेला नियम ह्या नावात असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. केवेदोच्या १६२६ साली छापल्या गेलेल्या कादंबरीतील कंजूष गुरुजी तर ह्यापुढे जातो. त्याच्या कुळाविषयी कोणीतरी काहीतरी बोलले म्हणून तो रश्श्यात डुकराचा तुकडा घालू लागतो. पण तुकडा संपू नये म्हणून भोकाभोकांच्या लोखंडी डबीत घालून, दोरीने पातेल्यात सोडून, नंतर दुसऱ्या दिवसासाठी वर ओढून घेतो. वाचताना हसू येते. मात्र हा केवेदो स्वतः ज्यूद्वेष्टा होता आणि प्रतिस्पर्धी कवी गोंगोरा ह्याच्याविरुद्ध त्याने हीच चरबी शस्त्रासारखी वापरली, हे विसरून चालणार नाही.

माल्योर्का बेटावर ही चरबी एका सबंध समाजाच्या नावालाच चिकटली. तेथे ज्यू वंशातील पंधरा आडनावांच्या कुटुंबांना 'चुएता' म्हणत. एका मतानुसार हा शब्द 'लहान ज्यू' ह्या अर्थाचा आहे. दुसऱ्या मतानुसार तो 'शुल्या', म्हणजे डुकराची खारवलेली चरबी, ह्यापासून आला. आपण खरे ख्रिस्ती आहोत हे शेजाऱ्यांना दिसावे म्हणून ते रस्त्याच्या कडेला बसून ही चरबी भाजून खात, असे सांगितले जाते. १६९१ साली पाल्मा शहरात त्यांच्यातील अनेकांना मृत्युदंड झाला. त्यांपैकी तिघांना जिवंत जाळण्यात आले. दंडितांची नावे डॉमिनिकन मठाच्या भिंतीवर टांगलेली राहिली ती थेट १८२० पर्यंत. हे लोक शतकानुशतके मिस्साला येत होते, मुलांना बाप्तिस्मा देत होते, तरी त्यांच्याशी कोणी सोयरीक करीत नसे, आणि त्यांच्या मुलांना धर्मगुरू होण्याच्या वाटेवर अडथळे येत. होसे तारोन्जी नावाचे त्यांच्यातीलच एक धर्मगुरू व कवी होते. जिवंत जाळलेल्या तिघांपैकी दोघांचे आडनाव तारोन्जी होते. आपल्याच सहबंधूंकडून होणाऱ्या अपमानाविरुद्ध त्यांनी १८७७ साली पुस्तक लिहून बेटभर खळबळ उडवली. जुलूम करणाऱ्यांत परके कोणी नव्हते. सारे एकाच वेदीवरून एकच भाकर घेणारे होते.

हे सारे दूर स्पेनमध्ये घडले असे म्हणून आम्हांला सुटता येत नाही. इन्क्विझिशन १५६० साली गोव्यात आले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत तेथे राहिले. अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास १९६१ साली ग्रंथरूपाने मांडला. १७३६ च्या गोव्यातील जाहीरनाम्यात स्थानिक ख्रिस्ती लोकांना ज्या हिंदू चाली निषिद्ध ठरवल्या, त्यांत मीठ न घालता भात शिजवणे हीही एक होती. तोलेदोत मांसावरील चरबी, गोव्यात भातातील मीठ! पातेल्यात वाकून पाहणारे डोळे तेच. कोकणात जन्मलेल्या माणसाला भातात मीठ घालण्याचे वा न घालण्याचे कारण जीभ असते, श्रद्धा नव्हे, हे एखाद्या स्वयंपाकिणीने सांगितले असते तरी पुरले असते.

चरबीशी संबंधित आणखी एक शब्द आहे. स्पॅनिश तरुण भोळसट, सदा ठकवल्या जाणाऱ्या माणसाला 'प्रिंगादो' म्हणतात. 'प्रिंगे' म्हणजे भाजताना मांसातून गळणारी चरबी आणि 'प्रिंगार' म्हणजे तीत पाव बुडवणे. इथपर्यंत सारे घरगुती आहे. परंतु 'प्रिंगार'चा एक जुना अर्थ कोशांत नोंदलेला आहे : फटके मारलेल्या माणसाच्या अंगावर उकळती चरबी ओतणे. ही शिक्षा मुख्यतः गुलामांना दिली जाई. १५५४ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या 'लासारिल्यो दे तोर्मेस' ह्या कादंबरीत नायकाचा सावत्र बाप साइदे हा काळा गुलाम आहे. बायकोमुलांच्या पोटासाठी तो धन्याच्या तबेल्यातील धान्य चोरतो, पकडला जातो, आणि त्याला ही शिक्षा होते. कादंबरीकार एका वाक्यात हे सांगून पुढे निघून जातो. आज कट्ट्यावर मित्राला थट्टेने 'प्रिंगादो' म्हणणाऱ्या पोराला साइदे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या काळच्या भणंग नायकांना 'पिकारो' म्हणत. आरंभीच्या वापरात हा शब्द स्वयंपाकघरातील पडेल ते काम करणाऱ्या पोऱ्यालाही लावलेला आढळतो. म्हणजे रस्त्यावरचा लुच्चा आणि चुलीपुढचा उपाशी नोकर हे स्पॅनिश भाषेत पहिल्यापासून एकच.

जाड, लठ्ठ ह्या अर्थाचा 'गोर्दो' मात्र बराच सुखी शब्द आहे. नाताळच्या सोडतीचे पहिले बक्षीस म्हणजे 'एल गोर्दो'. ही सरकारी सोडत १८१२ साली कादिसमध्ये सुरू झाली. उपवासकाळापूर्वीचा गुरुवार तो 'लठ्ठ गुरुवार', कारण राखेच्या बुधवारआधी घरातील चरबी संपवायची. १८७० सालच्या तांब्याच्या दहा सेंतिमोंच्या नाण्यावर सिंह कोरला होता. लोकांना तो कुत्र्यासारखा दिसला, म्हणून ते मोठे नाणे 'लठ्ठ कुत्री' झाले आणि पाच सेंतिमोंचे 'धाकटी कुत्री'. खिशात दमडी नाही ह्यासाठी अजूनही 'लठ्ठसुद्धा नाही' असे म्हणतात. तिकडे अर्जेंटिनात पैशाची उधळपट्टी करण्याला 'छताला लोणी फेकणे' म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्वेनोस आयरेसचे श्रीमंत तरुण महागड्या उपाहारगृहांत काट्याच्या टोकाने लोण्याचे गोळे छतावर उडवीत, अशी त्याची कथा सांगतात.

उपवासाच्या दिवशी मांस खाण्याची सवलत स्पेनमध्ये विकत मिळे. क्रूसयुद्धाच्या खर्चासाठी सुरू झालेले हे 'बुला' नावाचे आज्ञापत्र युद्धे संपल्यानंतरही कित्येक शतके, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, पॅरिशमधून वाटले जात होते. ज्याच्यापाशी पैसे त्याला मांस, आणि ज्याला मांस परवडतच नाही त्याला वर्षभर उपवास! भाषेने त्याची नोंद ठेवली आहे. नियम ज्याला लागू होत नाही अशा वशिल्याच्या माणसाबद्दल स्पॅनिश लोक म्हणतात, त्याच्याजवळ बुला आहे.

यादवी संपल्यावर १९३९ ते १९५२ ह्या काळात तेथे शिधापत्रिका होत्या आणि खरी भूक होती. काळ्याबाजाराला लोक 'एस्त्रापेर्लो' म्हणत. १९३५ साली मंत्र्यांना लाच देऊन आणलेल्या एका जुगाराच्या यंत्राचे ते नाव. त्याच दिवसांत, १९४७ साली, होसेप एस्कोबार ह्या चित्रकाराने 'पुल्गार्सितो' ह्या मुलांच्या साप्ताहिकात एक नवे पात्र आणले. पुलाखाली राहणारा, वाढलेल्या दाढीचा, गोल टोपीचा हा गरीब माणूस दर आठवड्याला भाजलेल्या कोंबडीची स्वप्ने पाही आणि दर आठवड्याला उपाशीच राही. फ्रान्कोच्या राज्यात कोणी उपाशी नसते, असे सांगून अभ्यवेक्षण खात्याने 'भूक' ह्या शब्दाला हरकत घेतली. एस्कोबारने त्या जागी 'जेवणाची इच्छा' असा सौम्य शब्द घातला. पात्राचे नाव 'कार्पान्ता' होते. रस्त्यावरच्या स्पॅनिशमध्ये 'कार्पान्ता' म्हणजे पोटात पेटलेली भूक. त्या नावाला मात्र कोणी हात लावला नाही, आणि ते दर अंकात ठळक अक्षरांत छापले जात राहिले.